चमकता मासा, बारा खडूंचा डबा आणि 'शेअर कर ना'

अडकित्ता | सोमवार, रात्री १०.४०

लेक पाच वर्षांची, मोठ्या शिशुगटात. रात्री पुस्तक वाचल्याशिवाय झोपत नाही. गेल्या महिन्यात नणंदेने तिला 'द रेनबो फिश' आणून दिलं. मार्कस फिस्टर या स्विस चित्रकाराचं, मूळ जर्मन, १९९२ सालचं. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असेल. माशाचे काही खवले चमचमत्या वर्खाने छापलेत, पुस्तक जरा कलतं केलं की रंग बदलतात. पहिले दोन दिवस तिने गोष्ट वाचूच दिली नाही, नुसते खवले बोटाने घासत बसली होती.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समुद्रातला सगळ्यात देखणा मासा. एक छोटा निळा मासा त्याच्याकडे एक खवला मागतो, हा त्याला झिडकारतो. ते कळल्यावर बाकीचे मासे याच्याशी कट्टी घेतात. एकटा पडलेला मासा तारामाशाचा सल्ला विचारतो, तारामासा त्याला गुहेतल्या शहाण्या ऑक्टोपसकडे पाठवतो. ऑक्टोपस म्हणते, एकेक खवला सगळ्यांना देऊन टाक, देखणा राहणार नाहीस पण सुखी होशील. मग हा वाटत सुटतो, शेवटी एक चमकता खवला उरतो आणि सगळे त्याला खेळायला बोलावतात.

मी इंग्रजीवरून जमेल तसं मराठीत सांगत होते. खवले वाटायच्या पानावर लेकीने विचारलं, "उपटताना दुखलं नाही त्याला?" मी म्हटलं, नाही गं, माशांना नाही दुखत. (थाप. मला काय माहीत?) मग, "परत उगवले?" मी म्हटलं, झोप आता.

शुक्रवारी संध्याकाळी बाईसाहेब मेणखडूंचा नवाकोरा डबा घेऊन सोसायटीच्या बागेत गेल्या. बारा रंग. वर आल्या तेव्हा डब्यात एकच खडू. पांढरा. "आई, मी रेनबो फिश केलं!" खाली सहा पोरं होती, त्यामुळे बहुतेकांना दोन दोन मिळाले. पांढरा उरला, कारण तो कुणालाच नको होता.

मला अगदी भरून आलं. नवऱ्याला फोन केला, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने कौतुक केलं. सासूबाई फक्त "हं" म्हणाल्या. रात्री साडेनऊला लेक समुद्र काढायला बसली. निळा नाही, हिरवा नाही. पांढरा खडू पांढऱ्या कागदावर दोनदा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि जे भोकाड पसरलं! रडता रडता विचारते, "पण आता सगळे माझ्याशी खेळतील ना?"

यावर मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, मी तिला नक्की काय शिकवलं? आणि आता काय करू? सहा घरांच्या बेल वाजवून खडू परत मागू?

---

टोमणेश्वर | सोमवार, रात्री ११.०५

सहा घरंच आहेत, हाय काय नि नाय काय. फक्त दुपारी १ ते ४ जाऊ नका. खडू राहिले बाजूला, दारसुद्धा उघडणार नाही कुणी.

---

मिरगाचा_किडा | सोमवार, रात्री ११.३०

मला या पुस्तकावरची टीका कधीच पटलेली नाही. 'मैत्री विकत घ्यायला शिकवतं', 'सगळ्यांना एकसारखं करून टाकतं' वगैरे बरंच वाचलंय. अहो, पाच वर्षांच्या पोराला हे काही कळत नाही, त्याला चमकणारा मासा कळतो. माझ्या मुलाला ते पुस्तक इतकं आवडायचं की कोपरे चघळून संपवले त्याने.

आणि मासा एकटा पडला तो खवला दिला नाही म्हणून नव्हे. छोट्याला हिडीसफिडीस केलं म्हणून. नाही म्हणण्याचीही एक रीत असते, ती त्याच्याकडे नव्हती. आपली चिऊताई बघा. कावळा बिचारा पावसात भिजत उभा आणि ही आतून 'थांब माझ्या बाळाला तीट लावते'. पिढ्यान् पिढ्या आपण ती गोष्ट सांगतोय. तिच्यावर कुणी परिसंवाद घेतला नाही.

---

अडकित्ता | सोमवार, रात्री ११.५०

मिकि, हिडीसफिडीस केलं हा मुद्दा मान्य. पण मग ऑक्टोपसने 'जा, त्या छोट्याची माफी माग' असं सांगायला हवं होतं ना? ती सांगते, अंगावरचं काढून दे. चूक तोंडाची, दंड अंगावर.

---

सदाशिवकर | मंगळवार, सकाळी ६.१५

घोळ माशाने घातलेला नाही. घोळ 'शेअर' या शब्दाने घातलाय.

दिवसभरात आपण मुलांना 'शेअर कर' किती वेळा म्हणतो ते एकदा मोजा. लाडू शेअर कर, सायकल शेअर कर, खडू शेअर कर. आता हेच मराठीत बोला. लाडू वाटून खा. सायकलची एक चक्कर दे त्याला. आणि खवला? खवला देऊन टाक. तीन निरनिराळी क्रियापदं आहेत आणि तिन्हींचे हिशेब निरनिराळे. लाडू अर्धा जातो, अर्धा आपल्या पोटात. सायकल दोन चकरा मारून परत येते. खवला गेला तो गेला. मोठ्या माणसाला हे न सांगता कळतं. पोराच्या कानावर एकच शब्द पडतो, आणि त्या शब्दामागे काय परत मिळणार आणि काय नाही, हे त्याने कसं ओळखायचं?

मुलीला विचारून बघा. माझा अंदाज, तिने सायकलचा नियम खडूंना लावलाय. आज दिले, उद्या आपला नंबर.

(शुद्धलेखनाच्या चुका काढलेल्या नाहीत, याची नोंद घ्यावी.)

---

अडकित्ता | मंगळवार, सकाळी ९.२०

सदाशिवकर, साष्टांग दंडवत. रिक्षाकाकांची वाट बघताना विचारलं. उत्तर जसंच्या तसं देते: "मला वाटलं, ते रंगवून झालं की देतील." मग जरा थांबून: "माशाला पण दिले असतील परत. पुढच्या पुस्तकात."

---

ओवी_आणि_ओवा | मंगळवार, सकाळी ११.००

सदाशिवकरांना +१. त्यात माझी एक भर. आपल्याकडे देण्याचं सगळ्यात मजेशीर क्रियापद 'लुटणे' आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो, म्हणजे वाटतो. दसऱ्याला सोनं लुटतो, म्हणजे देतो आणि घेतो. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतायचा आणि खाली बसलेल्या पोरांनी ते लुटायचं, म्हणजे खरोखरच झडप घालायची. देणाऱ्याचा आणि उचलणाऱ्याचा शब्द एकच. कोण मोठ्या मनाचं आणि कोण हावरट, हा प्रश्नच उरत नाही.

दसऱ्याच्या मागची कौत्साची गोष्ट आठवा. गुरुदक्षिणेसाठी त्याला चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. रघुराजाने आधीच यज्ञात सगळं देऊन टाकलेलं. त्याने कुबेरावर स्वारीची तयारी केली तेव्हा मोहरांचा पाऊस पडला. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतल्या, एक जास्त घेतली नाही. राजा म्हणतो, या तुझ्यासाठी आल्या, मी ठेवणार नाही. उरलेल्या मग लोकांनी लुटल्या. मुलांना मी ही सांगते तेव्हा त्यांना 'मोजून घेतल्या' हेच सगळ्यात आवडतं. रात्रभर मोजल्या असतील का, कुणी मोजल्या, चुकल्या असतील तर?

जाता जाता, चिमणीच्या दाताने कुणी खाल्लंय का? फ्रॉकच्या टोकात कैरी गुंडाळायची, वरून कचकन चावा, म्हणजे तुकडा पडतो आणि उष्टं होत नाही. धुण्याच्या दिवशी आई फ्रॉकवरचे डाग बघायची आणि कुणाबरोबर खाल्लं ते विचारायची.

---

पानशेतचं_पाणी | मंगळवार, दुपारी १.१५

कामानिमित्त या विषयावरचं थोडं वाचावं लागतं. दोन अभ्यास इथे उपयोगी पडतील.

नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनीर यांचा २०१३ चा शोधनिबंध 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये आला होता. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक उदास बाहुलं दाखवलं. काहींना विचारलं, हा स्टिकर तू ठेवशील की त्याला देशील? काहींना पर्यायच दिला नाही, द्यायचाच असं सांगितलं. नंतर दुसरं बाहुलं आणलं, जास्त स्टिकर दिले आणि काय होतं ते पाहिलं. पहिल्या खेपेला ज्यांनी स्वतः ठरवून, मनावर दगड ठेवून दिलं होतं, त्यांनी या वेळी जास्त दिले. ज्यांच्याकडून देववलं होतं, त्यांनी कमी.

दुसरा २००८ चा, 'नेचर'मधला, एर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांचा. ३ ते ८ वर्षांच्या मुलांना गोळ्या वाटायला दिल्या होत्या. आपल्यातली एक गोळी समोरच्याला द्यायची वेळ आली तर ३-४ वर्षांची फार थोडी मुलं देतात, ७-८ वर्षांची जवळपास निम्मी देतात. म्हणजे बागेत तिसऱ्या वर्षी झोंबाझोंबी करणारं पोर वाया गेलेलं नसतं. वेळ यायची असते, इतकंच.

गंमत म्हणजे हा दुसरा अभ्यास त्या माशाच्या चित्रकाराच्या देशातल्या, स्वित्झर्लंडमधल्याच मुलांवरचा आहे.

---

टोमणेश्वर | मंगळवार, दुपारी १.२२

ज्या देशाला समुद्र नाही तिथल्या माणसाने समुद्राचं पुस्तक काढून पुण्यातल्या मुलीचे खडू घालवले. आपल्यालाही समुद्र नाही, म्हणून वाचलो. नाहीतर आपणही काढलं असतं.

---

फळा_आणि_डस्टर | मंगळवार, संध्याकाळी ५.००

पेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं. खडू परत मागू नका, एवढं आधी सांगतो. पुढचं जरा लांबेल.

आमच्याकडे मधल्या सुट्टीत 'डबा वाटून खा' असा नियम होता. वाचायला छान. प्रत्यक्षात काय व्हायचं? ज्याच्या डब्यात गुलाबजाम, त्याच्याभोवती पाच जण आणि त्याच्या वाट्याला पाक. आणि एक मुलगा कोपऱ्यात, डब्याचं झाकण अर्धंच उघडून, त्याच्याआड हात घालून खायचा. मला वाटायचं, हा एकलकोंडा आहे, वाटायला नको म्हणून लपवतो. एकदा मागून गेलो. भाकरी आणि तिखट, रोज तेच. तो लपवत होता खरा, पण त्याच्याकडे कुणी मागत नव्हतं म्हणून.

मी नियम काढून टाकला आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी, अंगतपंगत सुरू केली. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची, सगळ्यांनी डबे मधे ओतायचे, मग प्रत्येकाने ताटलीत थोडं थोडं घ्यायचं. त्या ढिगात कुठली पोळी कुणाची ते कळत नाही. कुणी दाता नाही, कुणी याचक नाही. पहिल्याच शनिवारी भाकरी सगळ्यांत आधी संपली, कारण बाकी सगळ्यांनी पोळ्याच आणल्या होत्या. तो मुलगा घरी जाऊन काय बोलला माहीत नाही, पण पुढच्या शनिवारी त्याचा डबा दोन मजली होता.

तीन महिन्यांनी एका पालकांनी उष्ट्याखरकट्याची तक्रार केली आणि अंगतपंगत बंद पडली. तो विषय वेगळा.

तुमच्या मुलीने दिलं यात वावगं काही नाही. फक्त दिल्यावर टाळ्या जरा कमी वाजवा.

---

मिरगाचा_किडा | मंगळवार, संध्याकाळी ५.४०

मास्तर, झाकणाआडचा डबा वाचून मी जरा गप्प झालोय. माझाही असायचा तसा.

---

कर्वेनगरची_बस | मंगळवार, रात्री ८.१०

अवांतर, पण अडकित्ताताई इंग्रजी पुस्तक वाचता वाचता तोंडी भाषांतर करत असतील तर मराठीतून थेट वाचता येतील अशी चिक्कार चित्रपुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं हाती घ्याच, लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच. त्यांच्या गोष्टींतली मुलं रुसतात, हट्ट करतात, आणि पानाच्या शेवटी कुणी शहाणं होऊन उपदेश करत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची एकूण यादीच बघण्यासारखी आहे. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा, फक्त जूनमध्ये जाऊ नका, वह्या-पुस्तकांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते.

फुकट हवी असतील तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. मराठीतल्या गोष्टीही आहेत, आणि परवाना खुला असल्यामुळे उतरवून घ्या, छापा, स्वतः भाषांतर करून चढवा. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर तर हजारो पुस्तकं आहेत. देऊन टाकणं म्हणतात ते हे. आणि यात देणाऱ्याचा खवलाही कमी होत नाही.

---

सदाशिवकर | मंगळवार, रात्री ८.३०

यालाच चौथं क्रियापद म्हणा. खुलं करणे. वाचनखूण साठवली आहे.

---

अडकित्ता | बुधवार, रात्री १०.१५

धागा वाचून दाखवला सासूबाईंना. त्यांचं ते शुक्रवारचं "हं" आज उलगडलं. म्हणाल्या, "तुमच्या त्या ऑक्टोपसला खुलभर दुधाची कहाणी माहीत नाही वाटतं." आणि नातीला मांडीवर घेऊन सांगायला बसल्या. श्रावणी सोमवार नव्हता, तरी.

राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली, घरात असेल नसेल तेवढं दूध देवळात आणा. लोक घाबरले. वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, सगळं नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. घरचं कामधाम आटोपून, मुलाबाळांना खाऊ घालून, वासरांना पाजून, मग उरलेलं खुलभर दूध घेऊन आलेली. म्हणाली, देवा, राजाच्या एवढ्या दुधाने तुझा गाभारा भरला नाही, माझ्या खुलभराने काय भरणार, पण भक्तिभावाने वाहते. आणि तेवढ्याने गाभारा भरला.

लहानपणापासून शंभर वेळा ऐकलीय. भक्तीची गोष्ट म्हणूनच ऐकली. वासरांच्या भुकेकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. सासूबाई मात्र तिथेच थांबल्या. "आधी वासरू, मग महादेव. वासराच्या तोंडचं काढून आणलेलं देव घेत नाही."

लेकीने विचारलं, खुलभर म्हणजे किती? सासूबाईंनी फडताळातून औषधाची वाटी काढून दाखवली, दोन घोट मावतील एवढी. लेक म्हणाली, "एवढंच? मग म्हातारीने एकच खडू दिला असता." सासूबाई म्हणाल्या, "आणि तोही स्वतःचा समुद्र काढून झाल्यावर."

---

पानशेतचं_पाणी | बुधवार, रात्री १०.४०

तो २०१३ चा शोधनिबंध आणि ही कहाणी शेजारी शेजारी ठेवा. राजाची दवंडी म्हणजे देववलेला स्टिकर.

---

ड्रॉइंगचा_तास | गुरुवार, सकाळी ७.५०

सगळे बोलले, पण त्या पांढऱ्या खडूचं कुणीच काही बोललं नाही. ताई, तो बिनकामाचा नाही.

जाड कागद घ्या. पांढऱ्या मेणखडूने दाबून चित्र काढायला सांगा, मासा, लाटा, काहीही. दिसणार नाही, दिसायला नकोच. मग जलरंगातला निळा भरपूर पाण्यात पातळ करून रुंद कुंचल्याने वरून एक हात मारा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे रेघा पांढऱ्याच राहतात आणि भोवतालचा कागद निळा होतो. रंग घट्ट झाला किंवा रेघ नाजूक पडली तर मजा जाते, म्हणून दाबून काढायचं आणि पाणी जास्त घ्यायचं. शाळेत पहिल्या तासाला मी हेच करते, कारण प्रत्येकाच्या पेटीत पांढराच नवाकोरा उरलेला असतो.

---

अडकित्ता | रविवार, रात्री ९.३०

सांगायचंच राहिलं होतं, खडू परत मागितले नाहीत. शनिवारी लेकीनेच खाली जाऊन एकाकडे "निळ्याची एक चक्कर दे" म्हणून मागितलं. (सदाशिवकर, हे तुमच्यामुळे घरात रुळलंय, सगळ्यालाच चक्कर म्हणते आता.) त्याने दिला नाही. हिने थोडा वेळ कट्टी घेतली, मग विसरली.

आज सकाळी ड्रॉइंगच्या बाईंचा प्रयोग केला. गच्चीत, कारण घरात सासूबाईंची गादी घातलेली. तिने पालथं पडून, जीभ बाहेर काढून, कागदावर पांढऱ्याने पंधरा मिनिटं काहीतरी गिरवलं. आम्हाला कुणालाच काही दिसत नव्हतं. मग निळ्या पाण्याचा कुंचला फिरवला आणि खालून वर एकेक खवला येऊ लागला. पूर्ण मासा. एकाही ठिकाणी खवला कमी नाही, मी मोजायला लागले होते.

गच्चीत खेळणारी पोरं गोळा झाली. ज्याच्याकडे निळा आहे तो पण. सगळ्यांना पांढरा हवा. मी मुद्दाम तोंड उघडलं नाही, मास्तरांनी सांगितल्यामुळे. लेकीने खडू मुठीत घट्ट धरला आणि म्हणाली, "थांबा, माझा अजून एक मासा राहिलाय." तो काढला. मग आकाश काढलं. मग एक म्हातारी काढली, ती कोण ते मी विचारलं नाही. पाऊण तासाने म्हणाली, "आता एकेक चक्कर." तिसऱ्याच्या हातात खडू मोडला.

मी श्वास रोखून उभी. ती दोन्ही तुकडे हातात घेऊन बघत बसली आणि म्हणाली, "आता माझ्याकडे दोन पांढरे आहेत." मोठा तुकडा डब्यात ठेवलाय. छोटा कुणाला द्यायचा ते अजून ठरलेलं नाही. विचार चालू आहे म्हणे.